मालिकेत निवड झाली, पण बिल कुणाच्या नावानं?

टीव्हीवर यायला चेहरा लागतो, अभिनय लागतो, नशीब लागतं, असं सगळे सांगतात. पॅन कार्ड लागतं हे कुणी सांगत नाही.

मी ऑडिशन द्यायला लागले तेव्हा आम्हा तृतीयपंथीयांसाठी भूमिका ठरलेली असायची. बारशाला यायचं, टाळी वाजवायची, आशीर्वाद देऊन निघायचं. वर, ‘ताई, आवाज थोडा जाड काढा ना!’ कोइंबतूरमध्ये आमच्यातलीच पद्मिनी प्रकाश २०१४च्या १५ ऑगस्टला बातम्या द्यायला बसली, पण ते घरच्यांना लांबचं वाटायचं. झी मराठीवर ‘कारभारी लयभारी’ मालिकेत गंगा ही तृतीयपंथी अभिनेत्री दिसली तेव्हा आई पहिल्यांदा म्हणाली, ‘बघ जमतंय का.’

जमलं. इंट्रो, लुक टेस्ट, घोडबंदर रोडवरच्या सेटवर मॉक शूट, सगळं पार पडलं. मग प्रॉडक्शनच्या अकाउंटवाल्यानं कागद मागितले. भूमिकेसाठी निवडलेली बाई एक आणि आधार, पॅन, पासबुकावरचा पुरुष दुसराच! मालिकेचे पैसे तसेही तीन महिन्यांनी येतात. नाव जुळलं नाही तर तेही अडकणार.

तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१९चा कायदा कामी आला. मी अर्ज केला तेव्हा राष्ट्रीय पोर्टलवर प्रतिज्ञापत्र जोडायचं आणि तृतीयपंथी म्हणून ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचं, अशी पद्धत होती. वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. तरी एका टेबलावर डॉक्टरचं पत्र मागितलंच. २०२०च्या नियमांची छापील प्रत पुढे ठेवली, तेव्हा साहेब गप्प. मुदत तीस दिवसांची होती. मला त्याहून बरेच जास्त लागले. (शस्त्रक्रियेनंतर ‘स्त्री’ अशी नोंद हवी असेल तर वेगळा अर्ज. तो मी अजून केलेला नाही, घाईही नाही.)

पुढे क्रम महत्त्वाचा. आधी आधार, मग पॅन, शेवटी बँक. पॅनच्या अर्जात तृतीयपंथी हा रकाना २०१८पासून आहे. बँकेत मात्र सही बदलण्यावरून मॅनेजरपर्यंत जावं लागलं.

सेटवर मी शिवणकाम करणारी शेजारीण आहे, घराघरातली भांडणं लावणारी. टाळी अजून एकदाही वाजवलेली नाही. लोकलच्या बायकांच्या डब्यात हल्ली विचारतात, ‘अहो, सासूला कधी कळणार ते?’ मला तरी काय माहीत! आमचे सीन शूटच्या सकाळी हातात पडतात.