आठ चौकोन, आठ मात्रा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी समितीने पत्रासोबत एक छापील तक्ता पाठवला आहे. आवडतं पुस्तक, आवडता पदार्थ, आवडतं संगीत, आवडता खेळ असे चार रकाने, आणि प्रत्येकापुढे दोन ओळींची जागा. चारही रकाने भरायला बसलं की एकच माणूस समोर येतो. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की कोण ते विचारावं लागत नाही. बाकी सगळ्या सरांना आडनाव लावावं लागायचं. दोन ओळींत ते मावणार नाहीत, म्हणून तक्ता बाजूला ठेवून लिहितो. सुरुवात शेवटच्या रकान्यापासून करतो, कारण सरांचं सगळं तिथूनच सुरू व्हायचं.

मागच्या ग्राउंडवरचं खो-खोचं मैदान सर दर वर्षी जूनमध्ये नव्याने आखायचे. तेव्हाचं माप 29 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद. सुतळी ताणण्याआधी फळ्यावर बेरीज व्हायची. आडव्या पाट्या आठ, प्रत्येकी 30 सेंटिमीटर रुंद, म्हणजे 2.40 मीटर. पाट्यांमधली अंतरं सात, प्रत्येकी 2.30, म्हणजे 16.10. खांबापासून पहिल्या पाटीपर्यंत 2.50, दोन्ही टोकांची मिळून 5 मीटर. एकूण साडेतेवीस मीटर, तीच मध्यपाटीची, म्हणजे दोन खांबांना जोडणाऱ्या पाटीची, लांबी. खांबांच्या पलीकडे दोन्ही बाजूंना पावणेतीन मीटर मोकळं क्षेत्र धरलं की 29 पूर्ण. पुढे नियम बदलले. आता मैदान 27 बाय 16, मध्यपाटी 24 मीटर, आडवी पाटी 35 सेंटिमीटर, टोकाचं अंतर 2.55 आणि मोकळं क्षेत्र दीड मीटर. सरांची बेरीज या मापांवरही तंतोतंत जुळते, कुणीही करून पाहावी. बेरीज जुळल्याशिवाय फक्कीच्या, म्हणजे रेषा आखायच्या चुन्याच्या, डब्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक होता.

काटकोनासाठी 3-4-5 ची सुतळी बहुतेक शाळांत वापरतात. सर 6-8-10 मीटरची वापरायचे. लहान त्रिकोणात बोटभर चूक झाली तर ती सोळा मीटरवर कितीतरी पट होते. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. 29 बाय 16 ला कर्ण 33 मीटर 12 सेंटिमीटर, आताच्या 27 बाय 16 ला 31 मीटर 38 सेंटिमीटर. दोन कर्णांत बोटभरापेक्षा जास्त फरक दिसला की सगळी सुतळी पुन्हा गुंडाळायची. फक्की नेहमी पूर्ण विरलेल्या, जुन्या चुन्याची. कळीच्या चुन्याचा अंश राहिला तर घामेजलेल्या अनवाणी तळव्यांना फोड येतात, आणि आपल्याकडे तेव्हा सगळे अनवाणीच खेळायचे.

खांबाचा प्रसंग आमच्या पिढीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण नंतरच्यांसाठी लिहायला हवा. तालुका स्पर्धेच्या आदल्या रात्री पाऊस झाला. सकाळी बाहेरगावचे संघ एसटीतून उतरले, पंच आले, आणि सरांनी सवयीने खांबाला ओळंबा लावला. 120 सेंटिमीटरच्या खांबाचं डोकं दोन बोटं आत झुकलेलं निघालं. पंच म्हणाले, चालेल. सरांनी पहार मागवली.

कारण साधं होतं. खड्डा भरताना त्यातून निघालेली काळी मातीच परत आत गेली होती. आपली माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते; खांबाला ती एका जागी राहू देत नाही. ती सगळी माती उकरून काढली. तळाला दगड बसवले. मग मुरूम चार-चार बोटांच्या थरांनी टाकायचा, प्रत्येक थर जरासा ओला करायचा आणि पहारीच्या बोथट टोकाने कुटायचा. एकदम टोपलंभर टाकून वरून कुटलं तर वरचा थर आवळतो आणि खालचा पोकळ राहतो. दर दोन थरांनंतर ओळंबा, तोही दोन बाजूंनी, कारण एका बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूने कललेला असू शकतो. सामना तासभर उशिरा सुरू झाला. पहिली भरणी आपल्याच देखरेखीखाली झाली होती, हे सरांनी पंचांना आणि पाहुण्या संघांच्या शिक्षकांना सगळ्यांदेखत सांगितलं. तो खांब पुढे नऊ पावसाळे ओळंब्यात राहिला.

झुकलेल्या खांबाने इतकं काय बिघडतं? खांबावरचा सूर पाहिला की कळतं. मारणारा गडी मध्यपाटीच्या कडेने वेगात येतो, खांबाशी हात अडकवतो आणि अंग आडवं टाकून मोकळा हात पळणाऱ्याकडे लांबवतो. सगळं वजन त्या एका पकडीवर येतं. पकड कमरेच्या खाली हवी. वर धरलं तर अंग झोक्यासारखं फिरतं आणि हात पळणाऱ्याच्या डोक्यावरून जातो. शेवटचं पाऊल खांबाच्या बुडाशी पडलं पाहिजे. हातभर आधी पडलं तर सूर तोकडा होतो, हातभर पुढे गेलं तर छाती खांबावर आदळते. खांब आत झुकलेला असेल तर पकड आपोआप वर सरकते. म्हणून ती दोन बोटं सरांना चालत नव्हती.

बसण्याकडे त्यांचं लक्ष सगळ्यात जास्त असायचं. आठ गडी आठ चौकोनांत, म्हणजे आडव्या पाट्या मध्यपाटीला छेदतात तिथे, आळीपाळीने उलट तोंडांनी. टाचा उचललेल्या, वजन चवड्यांवर, बोटं जमिनीला टेकलेली, नजर पळणाऱ्यावर. टाच टेकली की वजन मागे जातं, आणि खो मिळाल्यावर पहिला क्षण नुसता उठण्यात जातो. दोन्ही पाय समांतर ठेवून बसलं तर डावी-उजवी दोन्ही दिशा सारख्याच सोप्या जातात. एक पाय मागे घेऊन बसलं, ज्याला बुलेट म्हणतात, तर सुटणं वेगवान होतं पण एका बाजूला वळणं जड जातं. सर मधल्या चौकोनांना समांतर आणि खांबाजवळच्यांना बुलेट बसवायचे. खो देताना हाताचा स्पर्श आणि आवाज एकत्र हवेत, आणि खो देणाऱ्याचा पाय बसलेल्या गड्याची आडवी पाटी ओलांडून गेलेला नको. आमच्याकडे सर्वाधिक फाउल व्हायचे ते बसलेला गडी खोच्या आधी उठल्याने. त्यावर सरांचा उपाय म्हणजे डोळे मिटून बसायचा सराव. दिसतच नाही म्हटल्यावर कान आणि पाठ जागी होते.

इथे तिसरा रकाना येतो. संगीत म्हणजे सरांचा पखवाज. शनिवारच्या भजनाला ते तो वाजवायचे, आणि तोच संध्याकाळी ग्राउंडवर यायचा. भजनी ठेका आठ मात्रांचा आणि चौकोनही आठ. एकेरी साखळी शिकवताना एका चौकोनाला एक मात्रा. नागमोडी पळत आठवी मात्रा पडली की गडी खांबाशी पोचलेला हवा. आधी ठाय म्हणजे संथ लयीत, मग दुगुनीत, दुप्पट वेगाने. लय अंगात भिनली की सर ती मोडायला शिकवायचे, कारण एकाच लयीत पळणारा गडी चांगल्या पाठलागवाल्याला दोन फेऱ्यांत समजतो. तो खो जरा उशिरा देतो आणि पळणारा आपण होऊन हातात येतो. म्हणून पाचव्या मात्रेला, जिथे खाली म्हणजे टाळी नसलेली मात्रा असते, तिथे पाऊल रोखायचं, खांद्याने हूल द्यायची आणि मगच पुढची पाटी धरायची. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही, मध्यपाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळं मैदान मोकळं. ही एवढी सवलत नीट वापरली तर तिघांची तुकडी चार-पाच मिनिटं सहज काढते, असं ते सांगायचे, आणि नऊ मिनिटांच्या डावात एका तुकडीने पाच काढली की सामना आपल्याकडे झुकतो.

पखवाजाची निगा त्यांनी ज्यांना शिकवली ते अजून भजनी मंडळांत वाजवतात. धुमेच्या, म्हणजे खर्जाच्या डाव्या, बाजूला गव्हाची कणीक लावायची ती पोळीच्या कणकेपेक्षा सैल, मीठ-तेल न घालता, मधोमध पुरीएवढी. कमी पडली तर धूम उथळ वाजते, जास्त झाली तर मुकी होते. वाजवणं संपलं की ओल्या बोटांनी लगेच काढून टाकायची; वाळली तर कातडं ओढून धरते आणि रात्रीतून उंदीर पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, कुरतडतात. स्वर चढवायचा तर वादीखालचे लाकडी गट्टे ठोकायचे, बारीक फरक गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, हातोडीने काढायचा, तोही समोरासमोरच्या घरांवर आळीपाळीने. एकाच कडेने ठोकत गेलं तर पुडी एकीकडे ओढली जाते. हलगी शेकतात तशी पखवाजाची पुडी कधी शेकायची नाही, शाई म्हणजे मधला काळा लेप तडकतो. अभंग निवडताना सरांचा कल आपल्या मुलखाकडे, मराठवाड्याकडे होता : नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका, पैठणचे नाथ. त्याबाहेर ते फारसे जात नसत, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

पदार्थ : येळवशीची आंबील. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या शेतसणाला, सगळा संघ सरांच्या शेतावर असायचा. कडब्याची कोप म्हणजे खोपी, पाच पांडवांची पूजा, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे. भज्जी प्रत्येक घरची वेगळी, तिच्यावर वाद घालत नाही. आंबिलीचं प्रमाण मात्र सरांच्या घरचं देतो. एक वाटी ज्वारीचं पीठ दोन वाट्या आंबट ताकात आदल्या संध्याकाळी भिजवायचं. येळवस ऐन थंडीत येते, त्यामुळे भांडं चुलीच्या उबेला ठेवायचं, नाहीतर पीठ आंबतच नाही. सकाळी पाच-सहा वाट्या पाणी उकळायचं आणि भिजवलेलं पीठ एका हाताने धार धरून सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं तर गाठी होतात, त्या मग मोडत नाहीत. पिठाचा कच्चा वास गेला आणि पळीला पातळ थर धरायला लागला की उतरवायचं. पूर्ण गार झाल्यावरच वरून ताक, वाटलेलं आलं-लसूण-जिरं, मीठ, कोथिंबीर. गरम असताना ताक घातलं की आंबील फुटते. सामन्याच्या दिवशी सर हीच आंबील, लसूण न घालता, खेळाच्या दोन तास आधी द्यायचे. भज्जी सामन्यानंतर.

पुस्तकाच्या रकान्यात खो-खोची नियमावली लिहितो, कुणाला ते पुस्तक वाटो न वाटो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास या खेळाला पहिले लिखित नियम दिले, 1935 मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते छापले आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाड्याला झाली. हे सगळं सरांनी मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला शाईने लिहून ठेवलं होतं. नियम बदलला की जुनी ओळ खोडायची नाही, तिच्यावर कागदाची चिठ्ठी एका कडेने चिकटवायची. उचललं की जुना नियम दिसतो. चिकटवायला मैद्याची खळ, चिमूटभर मोरचूद घातलेली, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून त्या खळीचं मातीचं बोळकं वेगळं, कपाटावर ठेवलेलं. मध्यपाटीच्या नियमावर एकावर एक तीन चिठ्ठ्या होत्या.

सरांना पुढचं पाहायला मिळालं नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले. महिलांचा अंतिम सामना 78-40, पुरुषांचा 54-36. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. आता खेळ मॅटवर, पायांत बूट, आणि वजीर नावाचा गडी दोन्ही दिशांना धावू शकतो. खेळ वेगवान झाला, लोक तिकीट काढून पाहायला येतात, याचा आनंद आहे. तरी वजिराचा नियम मला पटत नाही. एकदा घेतलेली दिशा सोडता येत नाही, यातच तर खोची सगळी बुद्धी होती.

आणि मागच्या ग्राउंडवर आता पेव्हर ब्लॉक आहेत. नवी इमारत हवी होती, मान्य. पण खांबांच्या दोन्ही जागा गाडल्या गेल्या आणि मुलं शाळेच्या वेळात खो-खोचे व्हिडिओ पाहतात, हे पाहवत नाही.

समितीला एक विनंती. इमारतीच्या पश्चिमेला, सायकल स्टँड आणि कुंपणाच्या मध्ये, 30 बाय 19 मीटर जागा अजून मोकळी आहे. मी टेप लावून पाहिली. आताचं मैदान भोवतालच्या दीड मीटर लॉबीसकट तिथे बरोबर बसतं. वरची काळी माती फूटभर काढून मुरूम पसरावा, पाणी मारून रोलर फिरवावा, आणि हे दिवाळीच्या सुट्टीत करावं, म्हणजे महोत्सवापर्यंत जमीन बसते. कडुनिंबाचे दोन खांब तासून, वरचं टोक गोल करून तयार आहेत. ओळंबा सरांच्या मुलाने जपून ठेवला आहे, तो द्यायला तयार आहे. फक्कीची पोती मी घेऊन येतो.