स्वस्तिकाची दिशा बघून फसू नका

‘आपलं स्वस्तिक उजवीकडे वळतं, नाझींचं डावीकडे’ हा मेसेज अधूनमधून फिरतच असतो. तो चूक आहे. नाझी झेंड्यावरचं स्वस्तिकही उजवीकडेच वळतं. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर दोन्ही दिशांची स्वस्तिकं आहेत. जपानी नकाशांत बौद्ध मंदिराची खूण असते ती डावीकडे वळणारी.

तिरकेपणाचंही तसंच. १९२० साली नाझी पक्षाने घेतलेल्या झेंड्यावर स्वस्तिक ४५ अंशांत कललेलं होतं. हिटलरच्या वैयक्तिक ध्वजावर मात्र ते सरळ उभं होतं.

मग बघायचं काय? आधी वस्तूचं साल, मग ती कुणाची, आणि खुणेच्या शेजारी काय काढलंय. स्वस्तिकावर तीन ठिपके आणि त्यांच्या वर चंद्रकोर व एक ठिपका असेल, तर ती जैन मांडणी: चार भुजा म्हणजे चार गती (जीव ज्यांत जन्म घेतो ते चार प्रकार), तीन ठिपके म्हणजे रत्नत्रय (सम्यक दर्शन, ज्ञान, चारित्र), कोर म्हणजे सिद्धशिला (मुक्त जीवांचं स्थान). शेजारचे ठिपके पुसले की हा अर्थ नुसत्या आकारातून काढता येत नाही.

विमानावर निळं स्वस्तिक दिसलं तर फिनलंडचं हवाई दल आठवा. १९१८ साली एका स्वीडिश सरदाराने त्यांना विमान भेट दिलं, त्यावर त्याची ही शुभखूण रंगवलेली होती. नाझी पक्ष तेव्हा जन्मलाही नव्हता. (फोटोखाली बिनदिक्कत ‘नाझी विमान’ लिहिणारे इथेच आपटतात.)

सगळ्यात बोचणारं उदाहरण अमेरिकेतल्या नव्हाहो या मूलनिवासी जमातीचं. त्यांच्या वाळूचित्रांत ही आकृती पूर्वापार होती, घोंगड्यांवरही ती असायची; नाझींकडून उसनी घेतलेली नव्हती. तरी १९४० साली नव्हाहो, अपाची, होपी आणि पापागो जमातींच्या प्रतिनिधींनी ती आपल्या कलेतून वगळत असल्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. हजारो मैलांवरच्या राजवटीने त्यांच्या घोंगडीचा अर्थ फिरवला होता.

षट्कोणी ताऱ्याबाबत उलटी चूक होते. हुमायूनच्या कबरीवर तो आहे म्हणून तिथे ज्यू संबंध शोधू नका. ती सजावट आहे. ज्यूंची सर्वमान्य खूण म्हणून तो रुळला मुख्यतः १९व्या शतकात. १९४१ मध्ये जर्मनीत ज्यूंना तो पिवळ्या कापडाचा करून छातीवर शिवायला लावला. सात वर्षांनी, १९४८ मध्ये, तोच तारा इस्रायलच्या झेंड्यावर निळ्या रंगात आला.