तुरटीचा सीड, अपडेट ४: चोर सापडला, आणि तो मीच घरात आणला होता

(नवीन मंडळींसाठी: तुरटीच्या सॅच्युरेटेड, म्हणजे आणखी तुरटी मावणार नाही अशा, द्रावणात एक छोटा खडा, म्हणजे सीड, लटकवून मी त्याचा मोठा क्रिस्टल वाढवतेय. पाणी उडत जातं तशी तुरटी त्यावर बसते.) गेल्या अपडेटला २२ ग्रॅमवर होता ना आपला आठ बाजूंचा अष्टफलक? काल सकाळी सराफी काट्यावर ठेवला तर १९.४. बारा दिवस राबून उलटं कमीच झालं, कडा घासलेल्या साबणासारख्या गोल आणि पोटात दुधाळ ढग. डोक्याला हात लावून बसले. आई म्हणाली, "अगं दाढीला लावायची वस्तू ती, एवढी काय रडतेस!"

पहिला संशय अर्थातच मालावर. सुरुवातीला एका दुकानदाराने तुरटी म्हणून पाणी साफ करायची अ‍ॅलम दिली होती, म्हणजे नुसतं अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, त्याचा नुसता चिकट लगदा झाला होता, ते रामायण सगळ्यांना माहितीये. पण आताची पोटॅश अ‍ॅलम, म्हणजे खरी तुरटी, मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेली, दोनदा विरघळवून गाळलेली. (गाळायला मलमल नको, तंतू राहतात आणि प्रत्येक तंतूवर नवा खडा बसतो. फिल्टर पेपरच घ्या.) सीड लटकवायला मात्र बारीक तंगूस (मासे धरायची नायलॉनची दोरी) बेस्ट, दोऱ्यावर खडे धरतात तसे त्यावर धरत नाहीत.

मग थर्मामीटर लावून बसले. रात्री दोनला २५ अंश, दुपारी तीनला ३१. पावसात हवेतला दमटपणा एवढा की पाणी उडतच नाही, म्हणून गेल्या वेळी मोठ्या हुशारीने बीकर एसीच्या बेडरूममध्ये हलवला होता, हवा कोरडी मिळेल म्हणून. तोच घात! १०० मिली पाण्यात तुरटी २० अंशाला साधारण ११ ग्रॅम मावते आणि ३० ला साडेसोळा, म्हणजे माझ्या ८०० मिलीत एका अंशामागे चार ग्रॅमच्या आसपास. सहा अंशांची चढउतार म्हणजे पंचवीस ग्रॅमचा हिशोब रोज इकडून तिकडे. मिठाचं असलं नाटक नसतं, ते गरम काय गार काय, छत्तीसच्या आसपासच.

बरं, रात्री वाढतं आणि दिवसा विरघळतं तर बरोबरी व्हायला हवी ना? नाही होत. रात्री एसीने झपकन गार झालं की तळाला साबुदाण्यासारखे बारीक खडे पडतात, आणि दिवसा गरम झालं की तळाचं द्रावण त्या साबुदाण्यामुळे लगेच सॅच्युरेट होतं आणि जड असल्यामुळे तिथेच बसून राहतं. वर लटकलेल्या सीडभोवती मात्र पातळ द्रावण, मग ते सीडलाच चाटतं. आणि चाटलेल्या खडबडीत पृष्ठावर रात्री घाईने थर चढला की मध्ये द्रावण अडकतं, तोच तो दुधाळ ढग.

उपाय फुकटात मिळाला. कोळीण मावशीकडून थर्माकोलचा बॉक्स आणला, तीनदा धुतला तरी सुरमई आहेच. बीकरच्या भोवती पाण्याच्या चार बाटल्या, वर झाकण, आणि मुक्काम हॉलमध्ये, एसीपासून लांब. आता दिवसभरात एक अंशाच्या वर हलत नाही. तळाचा साबुदाणा गाळून काढला, सीड पाण्यात क्षणभर बुडवून परत लटकवला.

हे लिहिताना लक्षात येतंय की झाकण लावलं तर पाणी उडणारच नाही, मग वाढणार कशाने? गारव्यानेच! द्रावण ३४ अंशाला सॅच्युरेट करायचं, थोडं उतरलं की सीड सोडायचा आणि बॉक्समध्ये हळूहळू ३० वर येऊ द्यायचं. दमट हवेचं टेन्शनच संपलं की हो! थांबा, करूनच बघते आणि मग पुढचं लिहिते.

...तीन दिवसांनी. २३.१ ग्रॅम! तीन फेसेस आरशासारखे, ट्यूबलाइट दिसते त्यात. ढग आतच राहिला, पण त्याच्याभोवती आता काचेसारखा थर आहे.

बोरॅक्स (टाकणखार) घालून अष्टफलकाऐवजी क्यूब करायचा बेत होता तो रद्द. आता क्रोम अ‍ॅलमचा (अ‍ॅल्युमिनियमच्या जागी क्रोमियम असलेली तुरटी) जांभळा सीड करून त्यावर साध्या तुरटीचा पारदर्शक थर चढवायचाय, दोघांची क्रिस्टल रचना एकच असल्याने थर बसतो. फक्त क्रोमवालं जास्त तापवायचं नाही, हिरवं पडतं आणि मग खडे धरायला रडवतं. कोणी केलंय का? आणि सुरमईचा वास कशाने जातो तेही सांगा, बिल्डिंगमधलं मांजर दोन दिवस बॉक्सला टेकून बसलंय.