डिस्नीचा जेवणाचा प्लॅन घ्यायचा का? आमच्या सहा जणांचा हिशोब

दिवाळीनंतर आम्ही सहा जण ऑर्लँडोला जाणार आहोत, नणंद अटलांटाहून तिकडे येऊन भेटणार, आणि सध्या घरात एकच चर्चा सुरू आहे की डिस्नीचा डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरून ठेवायची सोय, घ्यायचा की नाही. विमानाची तिकिटं काढतानाही एवढा खल झाला नव्हता बाप्पा. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांचा हिशोब म्हणजे आईबाबा आणि दोन पोरं, सगळे बर्गर खाणारे. आजी-आजोबा सोबत आहेत, अर्धं घर शाकाहारी आहे, कुणाचा उपास आहे, असा हिशोब कुणाकडेच नव्हता, म्हणून बसून मीच मांडला आणि इथे लिहिते आहे.

आधी प्लॅन काय आहे ते पटकन सांगते. हा फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डचा आहे आणि डिस्नीच्याच हॉटेलात पॅकेज घेऊन राहिलात तरच मिळतो. कोविडच्या वेळी २०२० मध्ये बंद पडला होता, जानेवारी २०२४ मध्ये परत आला. क्विक सर्व्हिस प्लॅनमध्ये दर रात्रीमागे माणशी दोन वेळचं काउंटरवरचं जेवण आणि एक स्नॅक, शिवाय पूर्ण मुक्कामासाठी माणशी एक मग, त्यात हॉटेलात पेय पुन्हा पुन्हा भरून घेता येतं. दुसरा मोठा प्लॅन, त्यात एक जेवण काउंटरचं आणि एक टेबलावर बसून, बाकी तेच. २०२४ मध्ये पहिल्याचा दर मोठ्यांना ५७.०१ डॉलर आणि मुलांना २३.८३ डॉलर होता, दुसऱ्याचा मोठ्यांना ९४.२८ आणि मुलांना २९.६९. बुक करताना त्या वर्षीचा दर बघालच, पण हिशोबाची रीत तीच राहते म्हणून मी हेच आकडे धरते आहे.

आता नियम. मुलं म्हणजे ३ ते ९ वर्षांची. दहा पूर्ण झाली की त्यांच्या लेखी तो मोठा माणूस, आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, म्हणजे त्याचे पैसे त्याच्या आजोबांएवढेच. एका बुकिंगवर जेवढे लोक असतील तेवढ्या सगळ्यांनी एकच प्लॅन घ्यायचा, आजीला नको आणि नातीला हवा असं नाही चालत. मोजणी रात्रींवर होते, दिवसांवर नाही. उरलेलं क्रेडिट, म्हणजे पैसे भरलेलं पण न घेतलेलं जेवण, चेकआउटच्या दिवशी मध्यरात्री संपतं, त्याचे पैसे परत येत नाहीत. टेबलावर बसून जेवलात तर टिप वेगळी.

आमचे पाच मोठे आणि एक छोटी, म्हणजे साध्या प्लॅनचेच रात्रीला ३०८.८८ डॉलर. हिशोबाला सोपं म्हणून डॉलर ९० रुपये धरला तर २७ हजार ८०० रुपये, आणि चार रात्रींचे एक लाख अकरा हजार. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऐकल्याबरोबर म्हणाल्या, "एका दिवसाच्या जेवणाचे सत्तावीस हजार? एवढ्यात तं घरचा दोन महिन्याचा किराणा येते." मी त्यांना म्हटलं आई, किराण्याशी तुलना नका करू, तिथल्या तिथल्या भावाशी करू. तशी केली, आणि खरी गोष्ट तिथेच दिसली.

प्लॅन माणशी मोजतो आणि आपण घर म्हणून जेवतो. लग्नात केटरर प्लेट मोजतो तसं आहे हे, ताटात किती वाढलं आणि किती खाल्लं याच्याशी त्याला घेणं नाही. आता आमच्याकडे बघा, मुलगी अर्धं टाकते ते मी खाते, आई-बाबांचं संध्याकाळचं जेवण म्हणजे दोघांत मिळून एक वाटी खिचडी. डिस्नीच्या ॲनिमल किंगडम पार्कात सतुली कँटीन म्हणून जागा आहे, तिथे बोल मिळतात, म्हणजे एका वाडग्यातलं जेवण, त्यात तिखट टोफूचाही (सोयाचं पनीर) आहे. असला एक बोल त्या दोघांत आरामात होईल. पण प्लॅनमध्ये दोघांचे दोन जेवणाचे पैसे आधीच गेलेले असतात.

शिवाय क्रेडिट एकच, मग त्यावर बीफ घ्या की टोफू. शाकाहारी डिश साधारणपणे स्वस्तच असते, त्यामुळे शाकाहारी माणूस त्याच क्रेडिटमधून कमी वसूल करतो. त्यातच २१ वर्षांवरच्यांना जेवणासोबतचं एक पेय म्हणून बिअर किंवा वाइनसुद्धा घेता येते, म्हणजे प्लॅनचा पूर्ण फायदा काढायचा तर तीही घ्यायला पाहिजे, आणि आमच्या घरात कुणी घेत नाही. आम्ही पाणी पिणार, आणि बर्फाचं पाणी काउंटरवर मागितलं की फुकट मिळतं. काउंटरचं शाकाहारी जेवण साधारण १४ डॉलर, कोल्ड्रिंक ५, असं दोनदा, वर ७ डॉलरचा स्नॅक, तरी दिवसाचे ४५ होतात. आणि हे प्रत्येकाने दोन्ही वेळा पोटभर, पेयासकट खाल्लं तर! ५७ कुठून भरून निघणार?

आणखी दोन गोष्टी आपल्यासारख्यांच्याच असतात. एक म्हणजे उपास. आईंची एकादशी मधेच येते आणि त्या दिवशी त्या फळांशिवाय काही घेणार नाहीत, हे मला आजच माहीत आहे. दुसरी म्हणजे झोप. नोव्हेंबरमध्ये ऑर्लँडो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, तिथे दुपारचा एक वाजतो तेव्हा आपल्या शरीराच्या हिशोबाने रात्रीचे साडेअकरा. पहिले एक-दोन दिवस कुणाला धड भूक लागणार नाही आणि पोट्टे रात्री तीनला उठून खायला मागतील. तेव्हा काउंटर कुठे उघडे असतात?

सगळ्यात मोठा फरक पडतो तो बाहेरचं खाणं आत नेता येतं का यावर. डिस्नी वर्ल्डमध्ये येतं! काचेची बरणी नको, गरम करावं लागेल किंवा फ्रीज लागेल असं नको आणि फार उग्र वासाचं नको, एवढंच. म्हणजे बाबांचं लसणाचं लोणचं खोलीवरच राहील, पण चिवडा, खाकरे, नणंद घरून करून आणणार ते मेथीचे पराठे, सगळं बॅगेत जाईल. हैदराबादला हेच गणित उलटं होतं. नागपूरकर सुट्टीत तिकडेच जातात, म्हणून सांगते, तिथल्या वंडरला पार्कात बाहेरचं खाणं नेता येत नाही, आणि रामोजी फिल्म सिटी शहरापासून एवढी लांब की एकदा आत गेलं की दिवस तिथेच जातो. तिथे तिकिटासोबत दुपारचं जेवण धरूनचं पॅकेज मिळतं ते मी घ्यायलाच सांगेन, एकाच जेवणाचा प्रश्न असतो आणि उन्हात सहा जणांना घेऊन खायचं शोधत फिरण्यापेक्षा ते किती तरी बरं.

आता नणंदेची बाजू, कारण तिचा मुद्दा मला खरंच पटला. ती म्हणाली, "वहिनी, आई-बाबांना किंमत दिसली की ते काही मागणारच नाहीत. आइस्क्रीम सहा डॉलर, म्हणजे साडेपाचशे रुपये, असं गुणून बाबा म्हणतील मला नको. प्लॅन असला की पैसे गेलेलेच असतात, मग खातील तरी." अगदी खरं आहे हे. दिवसभर चालायचं आणि पैशापायी म्हातारी माणसं उपाशी राहिली तर त्या फिरण्याला काय अर्थ आहे? यावर आम्ही दोघींनी मिळून काढलेला मार्ग म्हणजे डिस्नीचं गिफ्ट कार्ड. ते पार्कात खाण्यापिण्याला चालतं. नणंद त्यात ठरावीक रक्कम भरून ते आईंच्या हातात देणार आणि सांगणार की हे तुमचं, जायच्या आत संपवायचं. आईंना वाया गेलेलं बिलकुल खपत नाही, त्या संपवतीलच.

प्लॅन कुणी घ्यावा? २०२६ साठी डिस्नीने जाहीर केलं आहे की पूर्ण दराचं हॉटेल आणि तिकिटांचं पॅकेज प्लॅनसकट घेतलं तर ३ ते ९ वर्षांच्या मुलांचा प्लॅन फुकट. नवरा-बायको आणि पाच-सात वर्षांची दोन पोरं असतील, मांसाहार चालतो, रोज एखाद्या कॅरेक्टर बुफेला (जिथे मिकी-गूफी टेबलापाशी भेटायला येतात) जायचं आहे, तर मोठा प्लॅन सरळ फायद्याचा आहे, मी तर घेतलाच असता. फक्त पूर्ण दर म्हणजे खोलीवरची सूट सोडावी लागते, ती किती होती ते आधी काढून बघा. आणि आजी-आजोबांसाठी दुसरी खोली असेल तर तिचं बुकिंग वेगळं करा, म्हणजे एका खोलीला प्लॅन आणि दुसरीला नाही असं करता येतं. आम्ही याही वाटेने हिशोब केला, पण आमचा मुलगा अकराचा, त्यामुळे फुकटात एकटी मुलगीच बसते, तेवढ्यासाठी काही जमलं नाही.

तर आमचं ठरलं, प्लॅन नाही. दुपारी काउंटरवर, मधल्या वेळी बॅगेतलं, रात्री भूक असेल तसं, आणि शेफ मिकी या डिस्नीच्या बुफे रेस्टॉरंटमध्ये एक नाश्ता सगळ्यांनी मिळून, रोख पैसे मोजून, कारण मुलीला गूफीला भेटायचंच आहे. तिथलं टेबल साठ दिवस आधी बुक करावं लागतं, तिकडे सकाळी सहाच्या सुमारास बुकिंग उघडतं, सप्टेंबरमध्ये ते आपल्या दुपारी साडेतीनला येतं. नेमकी तेव्हाच मुलीची स्कूल बस येते, म्हणून त्या दिवशी लॅपटॉपसमोर नवरा बसणार आहे, त्याने ऑफिसात तसं सांगूनही ठेवलं आहे.