प्लेफील्डवरचे खड्डे

जुन्या पिनबॉल मशीनच्या प्लेफील्डवर, म्हणजे चेंडू फिरतो त्या रंगवलेल्या फळीवर, रंग भरणं अवघड असेल, असं मला वाटायचं. रंग भरून झाला दोन शनिवार-रविवारांत. रडवलं ते क्लिअर कोटने, म्हणजे वरच्या पारदर्शक थराने, दीड महिना.

मशीन १९७०च्या दशकातलं, इलेक्ट्रोमेकॅनिकल, म्हणजे रिले आणि स्विचवर चालणारं. पॉप बंपरभोवतीचा (चेंडू उडवणाऱ्या गोल खांबांभोवतीचा) रंग पार उडालेला, खालचं प्लायवूड काळवंडलेलं. ८० ग्रॅमच्या पोलादी चेंडूला टोचे पडले की तो पॉलिश पेपरसारखा फिरतो. म्हणून दुरुस्तीनंतर जुना चेंडू परत टाकू नका. सफाई, उघड्या लाकडावर क्लिअरचा पातळ हात, त्यावर ॲक्रिलिक रंग, शेवटी काळ्या रेघा. इथवर सगळं सुरळीत.

मग हार्डनर (कडक करणारं रसायन) मिसळून गाड्यांना मारतात तो क्लिअर मारला. दहा मिनिटांत सगळीकडे गोल खड्डे! तेलकट ताटावर पाणी कसं फाटतं, अगदी तसे. आधी कुणीतरी वर्षानुवर्षं सिलिकॉनचं पॉलिश चोळलं होतं आणि ते रंगाच्या भेगांत मुरलं होतं. जाड हात मारला तर खड्डे भरतील म्हणून मी तोही मारला. ते आणखी ठळक झाले. आठवडाभर वाळू द्यायचं, दोन संध्याकाळी घासायचं, पुसायचं, मारायचं, पुन्हा खड्डे. असं तीनदा. तिसऱ्यांदा घासताना एका कडेचा नवा रंगच निघाला. त्या रात्री मी दिवा मालवून खोलीबाहेर पडलो आणि चार दिवस आत पाऊल टाकलं नाही.

चूक पुसण्यात होती. एकाच फडक्याने नॅप्था (तेलकटपणा काढणारं द्रावण) फिरवत राहिलं की सिलिकॉन निघत नाही, पसरतं. एका फडक्याने ओलं करा, ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपा, दोन्ही टाकून द्या, नवी घ्या. मी हे चारदा केलं. मग पहिले तीन हात नुसते तुषारासारखे, मध्ये थांबत थांबत, आणि नंतरच भरीव हात. एकही खड्डा नाही! काचेसारखा तो पृष्ठभाग बघून मला खरंच भरून आलं.

हे आधीच सांगायला हवं होतं: या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, साधा धुळीचा मास्क अजिबात चालत नाही. खाली बसलेले इन्सर्टही (दिव्यांवरचे प्लास्टिकचे तुकडे) क्लिअरच्या आधीच सपाट करून चिकटवा. आणि भाग लगेच कसू नका, मऊ क्लिअरमध्ये पोस्ट (रबर ताणायचे छोटे खुंट) रुततात. मी महिनाभर थांबलो.

आता या मशीनला फक्त कार्नोबा मेण लावतो, तेही डब्यावरचं लेबल पूर्ण वाचून.