माझ्यापुरतं

गुरुवार, रात्र

आईने आज आजीची छोटी कढई काढली. म्हणजे तसं काही मोठं झालं नाही, मी कॉल संपवून जेवायला आले तर ओट्यावर मोठी कढई होती बटाट्याच्या रस्स्याची आणि तिच्या शेजारी ही, एक कान वाकलेली, बुडाला काळी, आत दुधी आणि मूगडाळ, माझ्यापुरती. मी काही बोलले नाही. जेवले, ताट घासायला टाकलं, बाबांबरोबर बातम्या बघितल्या. आणि आता साडेबारा वाजून गेलेत, बाहेर पाऊस लागलाय आणि झोप नाही, आणि झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी साखर जास्त चढते हे आता माहीत झालंय, त्यामुळे झोप येत नाही याचंही वेगळं टेन्शन.

त्या कढईत आजीचं अळणी व्हायचं. डायबेटिस, मग बीपी, मग किडनी, एकेक वाढत गेलं तसं तिच्या भाजीतलं एकेक कमी होत गेलं. आधी गूळ गेला, मग मीठ, मग बटाटा. बसायची आमच्याबरोबरच पण तिच्या वाटीत काय आहे ते कुणी बघायचं नाही, कुणी मागायचं नाही. माझा भाऊ नीरज लहान होता तेव्हा 'आजीची आजारी भाजी' म्हणायचा आणि ती हसायची. ती गेल्यावर कढई माळ्यावर गेली असं मला वाटत होतं, बहुतेक खालच्या कप्प्यातच होती.

मी 29 वर्षांची आहे. आजीला साठीत मिळाली ती.

बरं, मी दिसायला अशी आहे की सांगितलं तर लोक हसतात. बावन्न किलो. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट, 5.9 म्हटलं तर काकू म्हणाली अगं काहीतरी लॅबवाल्यांचा घोळ असेल, तू तर काडी आहेस, तू कशाला डाएट करतेस, उलट दोन घास जास्त खा. 5.7 च्या खाली नॉर्मल, 6.5 ला डायबेटिस, मधला सगळा पट्टा प्रीडायबेटिस, मी त्या पट्ट्यात अलीकडच्या टोकाला. शिवाय ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 190, ते दीडशेच्या आत हवं, आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, जे बायकांचं पन्नासच्या वर हवं, ते 38. जाड असते तर निदान लोकांनी विश्वास तरी ठेवला असता. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघितलंच नाही, टेप काढली आणि पोटाचा घेर मोजला, 83 सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांना 80 ची मर्यादा, पुरुषांना 90. म्हणे वजन सोड, चरबी कुठे साठलीय आणि स्नायू किती कमी आहेत ते बघ. गोळी नको म्हणाले, आधी खाणं आणि चालणं, आणि जमलं तर थोडी वजनं उचल.

आणि गंमत म्हणजे या 'बारीक पण आतून जाड' प्रकाराचा अभ्यास आपल्याच पुण्यात झालाय, रास्ता पेठेत, केईएम हॉस्पिटलमध्ये. डॉ. याज्ञिक. 2004 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. यडकिन यांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, 22.3. आणि शरीरातली चरबी? यडकिन 9.1 टक्के, याज्ञिक 21.2. मला तो फोटो बघून इतकं बरं वाटलं की मी तो काकूला पाठवला. तिने हात जोडलेले दोन इमोजी पाठवले. कळलं नाही काय समजून.

मग त्याच नादात मी पुढचं वाचत गेले. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायका, 1993 पासून, त्यांची गरोदरपणं, मग त्यांची मुलं, त्या मुलांना मोठं होईपर्यंत मोजत राहिले. बाळं जन्मतःच अशी की वजन कमी, हातपाय काटक्या, पण चरबी त्या मानाने राखलेली. आईला बी12 आणि फोलेट या दोन जीवनसत्त्वांपैकी बी12 कमी आणि फोलेट भरपूर असेल तर मुलांच्यात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त. मी हे मोठ्याने वाचत होते, रविवारी, आई शेंगा सोलत होती. तिने विचारलं, म्हणजे माझ्या पोटातूनच का? मी म्हटलं नाही गं, तसं नसतं. ती म्हणाली आम्हाला कुठे कोण बी12 सांगत होतं, लोहाच्या गोळ्या घेतल्या तेवढ्या. आणि शेंगा संपल्या.

ते जाऊ दे.

कढईचं सांगत होते. राग कशाचा येतोय तेच कळत नाहीये. मीच नाही का म्हणत होते महिनाभर की माझं वेगळं कर? आहारतज्ज्ञ मॅडमनी प्लॅन दिला तेव्हा मीच खूश होते, त्यावर माझं नाव, माझ्या रिपोर्टवरून, माझ्या झोपेच्या वेळांवरून, हिंजवडीहून परत यायच्या वेळेवरून सगळं बेतलेलं. मला वाटलं होतं माझ्यासाठी खास म्हणजे काहीतरी चांगलं. म्हणजे शिंप्याकडे मापाने शिवून घेतो तसं. मापाने शिवलेलं घालून चारचौघांत मिरवता येतं, मापाने शिजवलेलं एकट्याने खावं लागतं, हे लक्षात आलं नव्हतं.

आणि त्यात नीरज. दंडाला लावायचा तो साखरेचा सेन्सर मी आणला तेव्हा याने पण हट्टाने एक लावला, दोन आठवडे चालतो तो. रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, त्यामुळे थोडा उशिरा दाखवतो. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी. तोच साबुदाणा, तेच दाण्याचं कूट, एकाच पातेल्यातली, शेजारी बसून खाल्ली. माझा आकडा 188. याचा 126. वजन पंच्याऐंशी, ढेरी, रात्री दोनला मॅगी, आणि 126! अख्ख्या घराला मोबाईल दाखवत फिरला. इस्रायलमध्ये वाइझमन इन्स्टिट्यूटवाल्यांनी 2015 मध्ये आठशे लोकांवर हेच दाखवलं होतं, तोच पदार्थ एकाला चढतो एकाला नाही. नंतर ब्रिटनमध्ये जुळ्यांवर झालं, एकसारख्या जुळ्यांतही फरक येतो. पोटातले जिवाणू, झोप, स्नायू, खायची वेळ, कायकाय. वाचायला छान आहे. पण घरात समोर बसलेला माणूस खिचडीची दुसरी वाटी घेतो आणि आपण राजगिऱ्याची लाही दुधात घालून खातो तेव्हा विज्ञान वगैरे काही वाटत नाही, अन्याय वाटतो.

(पोळीआधी काकडीची कोशिंबीर आणि उसळ खाल्ली, भात सगळ्यात शेवटी घेतला आणि जेवणानंतर सोसायटीत पंधरा मिनिटं चालले तर तोच वरणभात मला 140 च्या आसपास राहतो. हे मात्र खरंच होतं. चालताना स्नायू साखर ओढून घेतात. सोसायटीतल्या आज्ज्या आता मला त्यांच्यातली समजतात, काल एकीने गुडघ्याचं तेल सुचवलं.)

तर मागच्या आठवड्यात बाबांनी नीरजलाही लॅबमध्ये पाठवलं. साखर अर्थातच आदर्श. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 171. त्याचा चेहरा! कारण तो सेन्सर फक्त साखर बघतो ना, लोण्याचं त्याला काही कळत नाही, उलट तूप-चीज घातलं की ग्राफ अजून शांत दिसतो, आणि हा त्या शांत ग्राफवर विश्वास ठेवून रोज खात होता. आता याला ओट्स, राजमा, विरघळणारे तंतू, तूप बंद, ओलं खोबरं बंद. शिवाय डॉक्टरांनी लिपोप्रोटीन-ए म्हणून एक टेस्ट सांगितलीय, कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एका कणाची, त्याचं प्रमाण आनुवंशिक असतं, खाण्याने जवळजवळ हलत नाही, त्यामुळे टेस्ट आयुष्यात एकदा केली की बहुतेकांना पुरते. बाबांचे वडील बावन्नाव्या वर्षी हार्टने गेले, ते इतके दिवस आम्ही फक्त गोष्टीसारखं सांगायचो. आता नीरज ते विचारतो. मला बरं वाटायला नको होतं, पण वाटलं, थोडंसं, पहिल्या दिवशी. मग नाही वाटलं.

मघाशी पाणी प्यायला गेले तर आई जागीच होती, दही विरजत होती. मी विचारलंच, ती कढई का काढलीस. तिला आधी कळेचना कुठली. मग म्हणाली, अगं एका माणसाची भाजी मोठ्या कढईत करपते. एवढंच. मग म्हणाली आणि लोखंडाची आहे, तुझं हिमोग्लोबिन पण कुठे धड आहे. मी म्हटलं ती आजीची आहे. तर म्हणे आजीची कसली, लग्नात मला माहेरहून आलेली आहे, तुझ्या आजीने ती स्वतःची करून टाकली, वीस वर्षं मला हात लावू दिला नाही तिला.

म्हणजे मी तीन तास जिच्यावर रडत होते ती सासूसुनेची वादातली मालमत्ता निघाली.

हसू आलं मला. आईला पण आलं. मग ती म्हणाली तुमच्या सगळ्यांचं जे चाललंय ना, बाबांना मीठ कमी, तुला भात कमी, त्याला तूप कमी, मी आता बोर्ड लावते बाहेर, घरगुती खानावळ, रिपोर्ट घेऊन येणे. मी म्हटलं तुझे पण रिपोर्ट काढू या. तर म्हणे मला नको तुमचे आकडे, आणि लाइट घालवला. हे सोडायचं नाहीये मला, पण आज नाही.

तशी मी काही फार खासही नाही. 2023 मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, तो मोठा सर्व्हे आला त्यात देशात प्रीडायबेटिसवाले 13.6 कोटी होते. एवढ्या छोट्या कढया कुठून आणायच्या. ऑफिसमधली ऋतू म्हणते थुंकीची जीन टेस्ट कर, तुझ्या जीन्सप्रमाणे डाएट देतात, बारा हजार. मी वाचलंय, स्टॅनफर्डने 2018 मध्ये सहाशे लोकांवर वर्षभर बघितलं, कुणाला कमी फॅटचं सूट होईल आणि कुणाला कमी कार्बचं, आणि ते तपासलेल्या जीन्सवरून काही सांगता आलं नाही. बारा हजारात डंबेल्स येतील आणि जन्मभराची मटकी येईल. सेन्सरही परत लावणार नाही बहुतेक, जे कळायचं ते कळलं, साबुदाणा माझा नाही, झोप माझी असायला हवी, बाकी दर पाच मिनिटांनी मोबाईल बघून माणूस वेडा होतो.

एचबीएवनसी परत तीन महिन्यांनी. त्याआधी करून उपयोग नाही, लाल पेशी साधारण तीन-चार महिने जगतात, त्यांच्यावर चढलेली साखर म्हणजे तो आकडा. म्हणजे माझी टेस्ट बरोबर गणपतीनंतर येते. हे मी जेवताना बोलले आणि सगळे एकदम गप्प झाले कारण उकडीचा मोदक म्हणजे तांदळाची पिठी आणि गूळ माझ्या खात्यावर, आणि खोबरं आणि तूप नीरजच्या. आईने आत्ताच जाहीर करून टाकलंय की मोदक एकाच मोदकपात्रात होणार, एकवीस होणार, कुणाचा वेगळा होणार नाही, कुणी किती खायचे ते ज्याने त्याने आपापल्या डॉक्टरला विचारावं. नीरजने विचारलं, आणि तूप? ती म्हणाली, तूप आपापलं.