आयोवाचा स्वार : शेत आणि चर्च, नोंद तिसरी

मागील नोंदीत घोडा तयार झाला होता. या दीड महिन्यात त्याचा स्वार म्हातारा झाला आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. १:३२ प्रमाणात, म्हणजे साधारण ५४ मिलिमीटर उंचीच्या पुतळ्यांतून, अमेरिकेच्या यादवी युद्धातील पहिल्या आयोवा घोडदळाच्या एका शिपायाचे आयुष्य मी तीन प्रसंगांत मांडत आहे. छावणीतला तरुण स्वार, वायव्य आयोवातला शेतकरी आणि उतारवयात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतला क्लास लीडर, म्हणजे सभासदांच्या एका गटाचा प्रमुख. हा कोणी नामवंत माणूस नव्हे. त्या रेजिमेंटमधून घरी परतलेल्या अनेकांसारखाच एक.

पहिल्या प्रसंगात लढाई का नाही, अशी विचारणा झाली होती. १८६१ मध्ये भरती झालेले हे शिपाई आपापले घोडे घेऊन आले होते आणि घोड्याच्या वापरापोटी सरकार त्यांना दररोज ४० सेंट देत असे. घोडा लढाईत मारला गेला तर ठरवलेली किंमत मिळे, पण आजाराने गेला तर नुकसान स्वाराचेच. या एका तरतुदीमुळे शिपायाचे आपल्या जनावराशी जे नाते जुळले असेल, ते मला तलवारबाजीपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. म्हणून घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधलेला आहे आणि त्याच्या मानेवर डावा हात ठेवून स्वार घोडा चंदी नीट खातो की नाही हे पाहत आहे. नियमाप्रमाणे घोड्याला रोज १४ पौंड गवत आणि १२ पौंड दाणा मिळायचा. मोहिमेवर मात्र मिळेल त्यावर भागवावे लागे. त्या घोडदळाच्या मॅक्लेलन नमुन्याच्या खोगिराच्या मधोमध असलेली लांबट फट कोरण्यातच दोन संध्याकाळी गेल्या, पण त्या फटीवाचून ते खोगीर ओळखूच येत नाही.

दुसऱ्या प्रसंगावर सर्वाधिक वेळ गेला. ही रेजिमेंट फेब्रुवारी १८६६ मध्ये टेक्सासातील ऑस्टिन येथे सेवामुक्त झाली, म्हणजे सुरुवातीपासून टिकलेल्या माणसाची चार वर्षांहून अधिक नोकरी भरली होती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळण्यासाठी पाच वर्षे वस्ती करावी लागे. १८७२ च्या दुरुस्तीने सैनिकांचा नोकरीचा काळ त्यातून वजा होऊ लागला, मात्र निदान एक वर्ष तरी जमिनीवर राहून ती कसणे आवश्यक होते. माझा स्वार याच सवलतीने वायव्य आयोवात येतो, आणि पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, त्या भागावर टोळधाड येते. ती पीडा १८७७ पर्यंत टिकली. टोळ उभे पीक तर खातच, शिवाय घामाचे मीठ मुरलेल्या अवजारांच्या मुठीही कुरतडत, असे वर्णन त्या काळच्या हकिकतींत वारंवार येते. त्यामुळे नांगराच्या दोन्ही मुठी मी आधी गुळगुळीत घासल्या आणि मग पात्याच्या टोकाने एकेक ओरखडा काढून खरबरीत केल्या. भिंगातून पाहिले तरच ते दिसते, पण शेतकऱ्याचा अंगठा नेमका त्या खडबडीत जागेवर टेकला आहे.

गोठ्याच्या दाराआड खिळ्याला तलवार टांगली आहे. १८६५ च्या लष्करी आदेशानुसार सेवामुक्त शिपायाला आपली शस्त्रे विकत घेता येत असत. स्पेन्सर कार्बाइनला, म्हणजे घोडदळाच्या आखूड बंदुकीला, १० डॉलर पडत, तर तलवार ३ डॉलरला मिळे. १८६० च्या नमुन्याची ही तलवार या प्रमाणात सव्वातीन सेंटिमीटरची होते. तिला धातूची चकाकी न देता म्यानावर गंजाचा पातळ हात दिला, कारण गोठ्यात राहिलेली वस्तू तशीच दिसणार.

तिसऱ्या पुतळ्यावर मात्र मोठा घोळ झाला. पुण्यातल्या भर पावसाळ्यात बाल्कनीत प्रायमर फवारला आणि दमट हवेने कोटाच्या घड्यांवर पांढुरकी साय धरली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने सगळा थर उतरवावा लागला; त्यात डाव्या हाताची दोन बोटे गेली, ती तारेवर पुट्टी चढवून पुन्हा घडवली. आता प्रायमर ब्रशनेच लावतो आणि पुतळा रात्रभर बल्बच्या उबेत बंद खोक्यात ठेवतो.

या प्रसंगात चर्चच्या आतला भाग दाखवायचा नाही, असे ठरवले आहे. गावोगाव फिरणाऱ्या पाळकांकडे अनेक मंडळ्या असत. मधल्या दिवसांत आपल्या गटातल्या प्रत्येकाची आध्यात्मिक विचारपूस करणे आणि कोणी आजारी असल्यास पाळकांना कळवणे हे क्लास लीडरचे काम. हिवाळ्यात अशी विचारपूस करायची म्हणजे बर्फातून घोडा हाकणे आलेच. तेव्हा उपासनेआधी चर्चमागच्या उघड्या छपरीत, साठीकडे झुकलेला हा माणूस घामेजलेल्या घोड्यावर कांबळे टाकतो आहे आणि त्याचा डावा हात पहिल्या प्रसंगाप्रमाणेच मानेवर आहे. बोटे पुन्हा घडवताना सांधे थोडे जाड केले, करंगळी किंचित वाकवली. कोटावर माजी सैनिकांच्या ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ या संघटनेचा पाच टोकांचा तारा आहे. तो दीड मिलिमीटरचाही नसल्याने टोके रंगानेच सुचवली.

कांबळ्यासाठी टिश्यू कागद पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवून घोड्याच्या पाठीवर पसरला आहे. त्याच्या घड्या अजून ओल्या आहेत. त्या वाळल्या की कडेचा निळा पट्टा रंगवीन आणि मग छपरीच्या फळ्यांना हात घालीन.